रिपोर्टखालची सही

पुणे-सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी मागे टाकली की लोणी काळभोर लागतं. तुकोबांच्या पालखीचा पुण्यानंतरचा मुक्काम म्हणून हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. आज तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत, टँकरच्या रांगा आहेत. मुळा-मुठेच्या काठी राजबागेत एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ आहे, जैव-अभियांत्रिकी शिकवणारं महाविद्यालय आहे आणि गावातच विश्वराज हॉस्पिटल आहे. उरुळी कांचन, यवत, दौंड, इंदापूर या बाजूने पुण्याकडे निघालेल्या आजारी माणसाला शहराच्या गर्दीत शिरण्याआधी मोठं इस्पितळ भेटतं ते इथे.

या पट्ट्यातल्या एखाद्या बाईच्या छातीत गाठ हाताला लागली तर पुढे काय होतं, हे आता बहुतेक घरांना थोडंफार माहीत आहे. आधी महिना-दोन महिने ती कुणाला सांगतच नाही. दुखत नाही, म्हणजे काही नसणार, अशी समजूत असते. आणि स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. मग घरचे डॉक्टर, तिथून सर्जन, सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि शेवटी सुईने काढलेला तुकडा. ‘रिपोर्ट आला का?’ हे पुढचे काही दिवस घरात सगळ्यांच्या तोंडी. तो रिपोर्ट लिहितो कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. सर्जनचं नाव पाठ असतं, केमोच्या डॉक्टरांचं असतं. गाठ कर्करोगाची आहे की नाही, असलीच तर कुठल्या प्रकारची, तिला कोणतं औषध लागू पडेल, हे ज्याच्या शब्दावर ठरतं त्या पॅथॉलॉजिस्टची सही कागदाच्या तळाशी असते, आणि तो रुग्णाला आयुष्यात एकदाही भेटलेला नसतो.

या सहीमागे किती शिक्षण असायला हवं, हा या लेखाचा विषय. एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर्षभर इंटर्नशिप, त्यानंतर पॅथॉलॉजीत एमडीची तीन वर्षं. त्या तीन वर्षांत रक्ताच्या स्लाइड, अस्थिमज्जा, थायरॉइडची एफएनएसी, गर्भाशय, आतडं, मूत्रपिंड, त्वचा, मेंदू सगळं शिकायचं असतं. स्तन हा त्यातला एक धडा. जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला हे सगळं यावंच लागतं आणि तो ते निष्ठेने करतोही. पण स्तनाच्या कर्करोगाचं शास्त्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इतकं पुढे गेलं आहे की एका धड्यात ते मावत नाही. म्हणून एमडीनंतर आणखी वर्षभर फक्त स्तनाचे विकार, आणि जोडीला कर्करोगाच्या संशोधनाचा प्रत्यक्ष अनुभव, अशी फेलोशिप. काहींना ती चैन वाटते. मला ती निकड वाटते, आणि ती फक्त परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पुरी करून भागणार नाही असंही वाटतं.

आकडे पाहा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान होतं आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावतात. दोन नव्या निदानांमागे एक मृत्यू, असं हे प्रमाण. उशिरा येणं हे त्याचं मोठं कारण आहे, पैसा हेही आहे. पण आलेल्या बाईचं निदान नेमकं होणं, हा भाग तर पूर्णपणे आपल्या हातातला आहे.

तो नेमकेपणा सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी सुरू होतो. ऑपरेशन थिएटरातून काढलेला स्तनाचा भाग तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे, आणि त्यात तो सहा तासांपेक्षा कमी किंवा बहात्तर तासांपेक्षा जास्त राहता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. फॉर्मलिन मांसात तासाला साधारण एक मिलिमीटर या गतीने शिरतं. त्यामुळे अख्खा स्तन तसाच बरणीत बुडवून ठेवला तर बाहेरचा थर टिकतो आणि मधली गाठ आतल्या आत खराब होते; न चिरता मिठात टाकलेली कैरी वरून मुरलेली दिसते आणि आत नासते, तसंच. उपाय साधा आहे. नमुना आला की लगेच त्याला समांतर चिरा द्यायच्या, मध्ये टिपकागद घालायचा, फॉर्मलिन भरपूर घ्यायचं. पण शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं, रविवारी प्रयोगशाळा बंद, तर सोमवारी सकाळी तंत्रज्ञ सांगतो, “मॅडम, हा परवापासून तसाच पडलाय, कापलेला नाहीये.” त्या एका वाक्याची किंमत मोठी असते. अशा पेशींमधले इस्ट्रोजेनचे ग्राही (रिसेप्टर) तपासणीत दिसेनासे होऊ शकतात. रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लागतं, आणि जी बाई पाच वर्षं रोज एक स्वस्त गोळी घेऊन सुरक्षित राहिली असती तिला ती गोळी मिळतच नाही. चूक कुणाच्याच नावावर लागत नाही.

फेलोशिपला आलेला तरुण डॉक्टर सगळ्यात आधी हे शिकतो. सूक्ष्मदर्शक नंतर, आधी ग्रॉसिंगचं, म्हणजे नमुना नुसत्या डोळ्यांनी पाहून कापण्याचं, टेबल. स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेतला नमुना समोर येतो, लिंबाएवढा किंवा संत्र्याएवढा, पिवळ्या चरबीचा. सर्जनने त्याला दोन दोरे बांधलेले असतात, बहुतेक ठिकाणी आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा काखेच्या बाजूला. दोरे नसतील किंवा चिठ्ठीवर खुलासा नसेल तर फोन उचलून थिएटरला विचारायचं. अंदाजाने पुढे जायचं नाही. मग सहा बाजूंना वेगवेगळ्या रंगांची शाई. शाई सुकू द्यायची, पुसायची, आणि नमुना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पातळ कापायचा. गाठ बोटाला लागते, करडी-पांढरी, सुरीखाली करकरणारी. ती कुठल्या रंगापासून किती मिलिमीटर दूर आहे ते मोजून लिहायचं. पुढे स्लाइडवर कर्करोगाची पेशी शाईला टेकलेली दिसली तर त्या बाईला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागणार, आणि नेमकी कुठली बाजू पुन्हा कापायची हे सर्जनला ती शाईच सांगणार. शाई घाईत लावली, एकात एक मिसळली, तर हे सगळं व्यर्थ. हे काम पुस्तकातून येत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून हात धरून शिकवावं लागतं.

मग स्लाइड. आक्रमक कर्करोगाला श्रेणी देण्याची आजची पद्धत ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ मध्ये मांडली आणि नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१ मध्ये ती घासूनपुसून पक्की केली. पेशी अजून नलिका बनवतात का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी झाली आहेत आणि विभाजन किती वेगाने चाललं आहे, या तिन्हींना प्रत्येकी एक ते तीन गुण द्यायचे. बेरीज पाचपर्यंत असेल तर पहिली श्रेणी, सहा-सात दुसरी, आठ-नऊ तिसरी. ऐकायला सोपं. पण विभाजन मोजताना सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ठाऊक असावा लागतो. तो अर्धा मिलिमीटर असेल तर दहा वर्तुळांत सातपर्यंत विभाजनांना एक गुण, आठ ते चौदाला दोन, पंधरा आणि त्याहून जास्तला तीन. वर्तुळ मोठं असेल तर या मर्यादा वाढतात. म्हणजे एकच गाठ, एकच स्लाइड, आणि आपल्या सूक्ष्मदर्शकाचा व्यास कधी मोजलेलाच नसेल तर दोन टेबलांवर दोन श्रेणी. केमो द्यायची की नाही हा निर्णय कधी कधी त्या एका गुणावर अडलेला असतो.

त्यापुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे विशिष्ट प्रथिनांना रंग देणाऱ्या तपासण्या. ईआर (म्हणजे तेच इस्ट्रोजेनचे ग्राही), पीआर आणि हर-टू ही तीन नावं आता कर्करोगाच्या वॉर्डातल्या आयाबायांनाही माहीत झाली आहेत. हर-टूला शून्य, १+, २+, ३+ असे गुण देतात. ३+ म्हणजे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध लागू. २+ म्हणजे ठाम सांगता येत नाही, फिश नावाची जनुकीय तपासणी करा. ट्रॅस्टुझुमॅबला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. आज भारतीय कंपन्याही ते बनवतात, तरी ते सामान्य घराला जडच जातं. आणि २०२२ पासून चित्र आणखी बारीक झालं. ज्या गाठींना आपण सरसकट ‘हर-टू निगेटिव्ह’ म्हणत होतो त्यांतल्या १+ गाठी आणि फिशमध्येही निगेटिव्ह ठरलेल्या २+ गाठी, पसरलेल्या अवस्थेत, एका नव्या औषधाला दाद देतात असं डेस्टिनी-ब्रेस्ट-०४ या चाचणीत दिसलं. शून्य आणि एक यांतल्या फरकाला इतकी वर्षं कुणी विचारत नव्हतं. आता त्यावर औषध अवलंबून आहे. जुनं एमडीचं शिक्षण घेऊन बसलेल्या डॉक्टरने हे कधी आणि कुठे शिकायचं?

अनुभवी माणसांतही किती मतभेद होतात याचा एक अभ्यास २०१५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या ११५ पॅथॉलॉजिस्टांना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाइड दिल्या आणि त्यांचं निदान तीन तज्ज्ञांच्या एकमताशी ताडून पाहिलं. आक्रमक कर्करोगात ९६ टक्के जुळलं. नलिकेतच राहिलेल्या कर्करोगात ८४ टक्के. आणि ‘अटिपिया’ म्हणजे कर्करोग नाही, पण पेशी सरळही नाहीत, अशा मधल्या अवस्थेत जेमतेम ४८ टक्के. उघड कर्करोग सगळे ओळखतात. खरा कस लागतो तो सीमेवरच्या गाठीत. तिथे चूक एका बाजूला झाली तर निरोगी बाईचा स्तन जातो, दुसऱ्या बाजूला झाली तर आजार बळावतो. या सीमेवर डोळा तयार होतो तो फक्त स्लाइड पाहून, आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांगणारा गुरू शेजारी असून. म्हणूनच फेलोशिपमध्ये एकाच सूक्ष्मदर्शकाला अनेक जणांना पाहता येईल अशी सोय असते. सकाळी सगळे त्याभोवती बसतात आणि एकेक स्लाइड चर्चेला येते.

आपल्या मातीतल्या काही गोष्टी तर परदेशी ग्रंथांत ओळीपुरत्या असतात. स्तनाचा क्षयरोग ही त्यातली एक. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हा स्तनाचा दाह ही दुसरी. दोन्हींत कडक गाठ, ओढली गेलेली त्वचा, काखेत सूज. हाताला आणि सोनोग्राफीलाही कर्करोगच वाटावा असं रूप. तरुण आईला अशी गाठ आली की घर हादरतं. तिथे पॅथॉलॉजिस्टने क्षयाच्या जंतूंसाठी वेगळा रंग लावणं, नमुन्याचा एक भाग फॉर्मलिनविना क्षयाच्या तपासणीसाठी पाठवा असं आधीच सांगून ठेवणं, याने ऑपरेशन टळतं. हे ज्ञान इथेच, इथल्या रुग्णांवर काम करून मिळायला हवं.

हे सगळं शून्यातून उभं करायचं आहे असंही नाही. महाराष्ट्रात या विद्येची परंपरा ऐंशी वर्षांहून जुनी आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आले. लंडनहून पॅथॉलॉजीत एमडी झालेला हा माणूस नुसत्या निदानावर थांबला नाही. एका समाजात एक कर्करोग जास्त, दुसऱ्यात कमी, असं का, हा प्रश्न त्यांनी इथल्या आकड्यांवरून विचारला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं त्यामागे तेच होते. पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवरून वर मान करून समाजाकडे पाहायचं असतं, ही शिकवण आपल्याकडे त्यांची.

त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे पुण्याच्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, पदवी फर्ग्युसनची, एमएस्सी शेती महाविद्यालयातून. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा. मुलीने पेशींचा अभ्यास निवडला आणि १९४९ मध्ये खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेला या प्रसिद्ध पेशी जिथे वाढवल्या गेल्या तीच ही प्रयोगशाळा. मोठी नोकरी तिकडे शोधता आली असती. त्या परत आल्या आणि मुंबईत ऊतिसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. उंदरांमध्ये स्तनाचा कर्करोग, संप्रेरकं, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा संबंध शोधण्यात त्यांनी आयुष्य घातलं. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या पुढे होत्या, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. स्तनाच्या कर्करोगावर मूलभूत काम करणारी ही बाई पुण्याची, हे पुण्यात किती जणांना माहीत आहे? एखाद्या फेलोशिपला तिचं नाव द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्या परंपरेचा आजचा धागा पुण्यातच सापडतो. स्तनशल्यविशारद डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांनी उभं केलेलं प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि पाषाणची आयसर ही विज्ञानसंस्था यांनी मिळून कर्करोगाच्या उपयोजित संशोधनाचं केंद्र चालवलं आहे. एका बाजूला रुग्ण, दुसऱ्या बाजूला जीवशास्त्रज्ञ. तिथल्या संशोधकांनी २०२० मध्ये भारतभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज करून दाखवलं की आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत सुमारे सत्तावीस जणींची गाठ ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असते, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नाहीत. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण साधारण दहा-पंधरा. आपल्या बायकांना हा आजार होतोही तिकडच्यापेक्षा सुमारे दहा वर्षं आधी. पण या सत्तावीसातल्या काही जणी आपल्या प्रयोगशाळांनीच चुकून ‘निगेटिव्ह’ ठरवलेल्या नाहीत ना, ही शंका कुठल्याही जाणत्या माणसाच्या मनात येणारच. शनिवारचा तो न कापलेला नमुना आठवा. चांगलं संशोधन हवं असेल तर आधी चांगली पॅथॉलॉजी हवी, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला?

म्हणून फेलोशिपमध्ये निदान आणि संशोधन एकत्र हवं. बायोबँकेसाठी नमुना घेताना आधी रुग्णाची समजून दिलेली संमती, मग गाठीचा कुठला भाग निदानाला लागणार आणि कुठला उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जाणार, याचा निर्णय पॅथॉलॉजिस्टनेच करायचा असतो. निदानाला लागणारा तुकडा संशोधनासाठी कधीही द्यायचा नाही, हा पहिला नियम. संशोधनाला नेहमी महागडं यंत्रच लागतं असंही नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी भारतातल्या अकरा केंद्रांत सोळाशे स्त्रियांवर केलेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे मिळतं तेच भूल देणारं औषध, टोचलं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. प्रश्न नीट विचारला होता आणि नोंदी चोख होत्या.

आता पुन्हा लोणी काळभोर. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या मान्यतेने अनेक विषयांत फेलोशिप चालतात. मार्ग तयार आहे. या गावात इस्पितळ आहे, अभियांत्रिकीचे आणि जैव-अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. स्कॅन केलेल्या स्लाइडवर विभाजनं मोजणारी संगणक प्रणाली बनवायला हुशार मुलं लागतात, पण त्यांना विभाजन आणि मेलेली पेशी यांतला फरक शिकवायला स्तनाचा पॅथॉलॉजिस्ट लागतो. हे दोघं एका आवारात भेटू शकतात अशा जागा महाराष्ट्रात फार नाहीत. शिवाय इथे येणारा रुग्ण पूर्व हवेली, दौंड, इंदापूरचा. त्याचा नमुना मुंबईला जाऊन परत येईपर्यंत आठवडे जातात आणि मधल्या काळात घरचे कुणीतरी सांगितलेल्या काढ्याकडे वळतात. फेलोची एक जागा अशा ठिकाणी असावी, त्याला पोटापुरतं विद्यावेतन असावं, आठवड्यातून एकदा सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर यांच्यासोबत तो बसावा, आणि वर्षातून काही दिवस तरी ओपीडीत रुग्णासमोर बसावा. ज्या बाईच्या गाठीला आपण नाव दिलं तिचा चेहरा पाहिलेला पॅथॉलॉजिस्ट पुढच्या स्लाइडला दोन मिनिटं जास्त देतो, असा माझा विश्वास आहे.

वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरात ही वेळ आली आहे त्यांना, थोडं सांगायचं आहे. बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला की त्यात ईआर, पीआर, हर-टू लिहिलं आहे का ते पाहा. हर-टू २+ असेल तर फिशबद्दल डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनआधी ‘नमुना लगेच फॉर्मलिनमध्ये जाईल ना?’ असं विचारायला लाजू नका. दुसरं मत घ्यायचं असेल तर प्रयोगशाळेकडे अर्ज करून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागता येतात. ते मिळाले की पावती जपा, आणि ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. रिपोर्टखाली ज्यांची सही आहे त्यांना काही विचारायचं असेल तर सरळ प्रयोगशाळेत जा आणि भेट मागा. आणि गाठ हाताला लागली असेल, ती दुखत नसेल, तर एक आठवडाही ओलांडू देऊ नका.